साथीला कोण आहे, ते आधी वाचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

न्यू जर्सीत एडिसनला राहणारे एक वाचक लिहितात. वय ४२, मूळचे पुण्याचे, नोकरी सॉफ्टवेअरमधली. घरात जॅझ कधीच नव्हता. वडील नाट्यसंगीत आणि सी. रामचंद्र ऐकायचे. ऑफिसला जाता-येता गाडीत न्यूअर्कचं डब्ल्यूबीजीओ रेडिओ स्टेशन लागायचं, त्यातून कानाला जॅझची चटक लागली. गेल्या वाढदिवसाला बायकोने सूटकेससारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेअर दिला. मग त्यांनी ‘असायलाच हव्यात अशा १०० जॅझ रेकॉर्ड्स’ छापाच्या तीन-चार याद्या एकत्र करून एक्सेल शीट बनवली, महिन्याला १०० डॉलर बाजूला काढले आणि ११ रेकॉर्ड्स आणल्या. त्यातल्या ३ मनापासून आवडल्या: माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, बिल एव्हान्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आणि एला फिट्झजेराल्ड व लुई आर्मस्ट्राँग यांची ‘एला अँड लुई’. बाकीच्या एकेकदा ऐकून बेसमेंटमधल्या खोक्यात गेल्या. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘असेन्शन’ लावली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली, मशीन बिघडलं का? एक मित्र म्हणतो, ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग (रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हाची छपाई) नसेल तर घेऊच नये, रीइश्यू (नंतरची छपाई) म्हणजे झेरॉक्स. दुकानात काउंटरवरच्या माणसाने ‘कोणतं प्रेसिंग हवंय?’ असं विचारलं, तर हे ‘नंतर येतो’ म्हणून बाहेर पडले. ‘मला जॅझमधलं काही कळत नाही, मग संग्रह करायचा मला काय अधिकार? बायको म्हणते, आणतोस तेवढं ऐकायला वेळ आहे का तुला? सुरुवातच चुकली असेल तर नव्याने कशी करू?’

प्रिय एडिसनकर,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच नजरेतून निसटली आहे, तिथूनच सुरुवात करते. आवडलेल्या तीन रेकॉर्ड्सपैकी दोनवर पियानोला एकच माणूस बसलाय. बिल एव्हान्स. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पाचपैकी चार रचनांत पियानो त्याचा आहे (‘फ्रेडी फ्रीलोडर’ तेवढी विंटन केलीने वाजवली), आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तर त्याच्याच त्रिकुटाची. १०० नावांतून ११ उचलल्या, ८ खोक्यात गेल्या, आणि उरलेल्या तिनात हा बाबा दोनदा! शिवाय तो तुमच्याच पंचक्रोशीतला. १९२९ साली प्लेनफिल्डला जन्मलेला. भाजी आणायला ओक ट्री रोडला जात असाल ना, तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटं.

‘मला काही कळत नाही’ हे तुमच्या मूळ पत्रात तीन ठिकाणी आहे. तुमच्या कानाला कळतंय. तुम्हाला फक्त कव्हरची पाठ वाचायची सवय नाही.

पुण्यात मैफल ठरल्याचं कळलं की पहिला प्रश्न ‘कोण गातंय?’ आणि लगोलग दुसरा, ‘साथीला कोण?’ माझे एक काका केवळ तबल्यासाठी मैफलीला जायचे; गाणं ही त्यांच्या लेखी तबल्याची साथ होती. जॅझमध्ये हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे. आज जो दुसऱ्याच्या रेकॉर्डवर साथीला आहे, तो उद्या स्वतःच्या नावाची रेकॉर्ड काढतो आणि परवा तिसऱ्याच्या साथीला जाऊन बसतो. तीच ती माणसं एकमेकांच्या रेकॉर्ड्सवर फिरत राहतात. कोणतं वाद्य कुणाकडे, हे बहुतेक एलपींच्या पाठीवर छापलेलं असतं. फोनवरच्या ॲपमध्ये ते खणून काढावं लागतं. इथं बारा इंच बाय बारा इंचांच्या पुठ्ठ्यावर ते आपोआप डोळ्यांसमोर येतं. एलपी घेण्याचं माझ्या मते हेच सगळ्यात भक्कम कारण आहे. आवाजाचं कारण लोक आधी सांगतात. पण खरं सांगायचं तर चांगल्या हेडफोनवर ॲपमधला आवाजही काही वाईट नसतो.

तुमची ‘काइंड ऑफ ब्लू’ उलटी करून बघा. पाठीवरचा मजकूर एव्हान्सने स्वतः लिहिलाय. एका जपानी चित्रप्रकाराबद्दल आहे तो. कागद इतका पातळ आणि ताणलेला, की रेघ ओढताना हात अडखळला तर रेघ तरी मोडते नाहीतर कागद तरी फाटतो. खोडायची सोय नाही. हे वाचून पुन्हा पहिली बाजू लावा.

आणि मग माणसं धरून चालायला लागा. त्याच रेकॉर्डवर आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा कॅननबॉल ॲडर्ली. त्याने १९६१ मध्ये एव्हान्सला घेऊन ‘नो व्हॉट आय मीन?’ नावाची रेकॉर्ड केली. तिची पहिलीच रचना कोणती? ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. म्हणजे तुम्हाला आवडलेली चाल, आवडलेला पियानो, आणि त्यावर आता सॅक्सोफोन. (डेबी ही एव्हान्सची पुतणी.) तुमची बारावी रेकॉर्ड ही. एक्सेलमध्ये ती आहे की नाही हे बघूही नका.

तुमच्याकडची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये २५ जून १९६१ च्या रविवारी ध्वनिमुद्रित झाली. नीट कान दिलात तर मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. आता एक बाजू फक्त बास या खर्जातल्या तंतुवाद्यासाठी ऐका. पियानो वाजतोय हे विसरून जा. तो बास वाजवणारा स्कॉट लाफॅरो, न्यूअर्कला जन्मलेला, तेव्हा २५ वर्षांचा. बासने मागे राहून ताल धरायचा, हा रिवाज त्याने जवळपास मोडीतच काढला. तो पियानोशी बोलतो, मध्येच त्याचं वाक्य तोडतो. त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला. याच तिघांची त्याआधीची ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ आहे, डिसेंबर १९५९ ची. ती तेरावी, पण घाई नाही.

बास आवडला तर वेगळी वाट फुटते. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्याच रचनेत चाल बासवर येते, तो बास पॉल चेंबर्सचा. अवघं ३३ वर्षांचं आयुष्य, पण त्या काळातल्या निम्म्या चांगल्या रेकॉर्ड्सवर हा सापडेल असं वाटावं इतकं काम. कोल्ट्रेनच्या १९५७ च्या ‘ब्लू ट्रेन’वरही तोच आहे. ‘असेन्शन’ने घाबरलेल्या माणसाने कोल्ट्रेनच्या घरात या दाराने शिरावं. ती रेकॉर्ड झाली हॅकेन्सॅकला, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत. रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. ब्लू नोट कंपनीच्या पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक रेकॉर्ड्स त्या दिवाणखान्यातल्या. पियानोवादक थेलोनियस मंकने तर एका रचनेचं नावच ‘हॅकेन्सॅक’ ठेवलं. १९५९ मध्ये गेल्डरने जवळच एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला, मग चष्मे सुटले. मी सहा वर्षं जर्सीत काढली आणि पहिली चार वर्षं मला वाटायचं, की इथं फक्त टर्नपाइक आणि मॉल आहेत.

‘घरात जॅझ कधीच नव्हता’ हे तुमचं वाक्यही मला मान्य नाही. वडील सी. रामचंद्र ऐकायचे ना? मग १९५१ चा ‘अलबेला’ घरात वाजलाच असणार. अण्णांच्या वाद्यवृंदात ट्रंपेटला होते गोव्यातल्या आल्डोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. त्यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. वाजवणं त्या ढंगाचं, गाणंही. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकन वादक वाजवून गेले, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली, आणि नोटेशन वाचता येणारे हेच वादक सिनेमाच्या स्टुडिओत बसू लागले. तुमच्या तीन आवडत्या रेकॉर्ड्सपैकी तिसरी ‘एला अँड लुई’ निघावी यात मला तरी काही योगायोग दिसत नाही. तो ट्रंपेट तुम्ही लहानपणी, पुण्यात, मराठी घरात ऐकलाय. फक्त तेव्हा त्याला जॅझ म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता अधिकाराचं. रमणबागेच्या मैदानात सवाईला सतरंजी टाकून बसलेल्या किती जणांना राग ओळखता येत होता? माझ्या आईला शेवटपर्यंत यमन आणि भूप सोडून एकही सांगता आला नाही. पण भीमसेनजींच्या कोणत्या तानेला रात्री किती वाजता अंगावर काटा आला होता, हे तिला वीस वर्षांनी आठवायचं. दाराशी कुणी परीक्षा घेत नव्हतं. जॅझलाच तुम्ही ही परीक्षा का लावताय? मला वाटतं, याद्यांमुळे. यादी समोर आली की अभ्यासक्रम झाला, अभ्यासक्रम आला की नापास होण्याची भीती आली. आपण सगळे त्याच शाळेतून आलोय.

तरी एक्सेल फेकून देऊ नका, तुमच्या धंद्यातल्या माणसाला ते जमणारही नाही. त्यातला ‘क्रमांक’ हा कॉलम उडवा. त्या जागी ‘साथीला कोण’ घाला आणि शेजारी ‘किती वेळा ऐकली’. महिन्याभरात शीटच सांगायला लागेल, की पुढे कुठं जायचं.

दुसरा कॉलम तुमच्या बायकोचा आहे. पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न त्यांनी विचारलाय. एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटांची. ११ रेकॉर्ड्सच्या २२ बाजू. रोज रात्री जेवणानंतर एक बाजू म्हटली तरी एक फेरी पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतात. आणि एका फेरीत जॅझ हाती लागत नाही. पहिल्यांदा नुसता पसारा वाटतो, तिसऱ्यांदा मूळ चाल ओळखीची होते, पाचव्यांदा कळतं की वादक तिच्यापासून किती लांब गेला आणि कसा परत आला. म्हणून माझा घरचा नियम: हातातल्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू पाच वेळा झाल्याशिवाय नवी आणायची नाही. नवी घेण्याआधी फोनवर ती दोनदा ऐकायची. फोनवर ऐकूनही जी हातात घ्यावीशी वाटते तीच घ्यायची. यात महिन्याला एक किंवा दोन होतात. ११ होत नाहीत.

खोक्यातल्या आठांचं काय करायचं? प्रत्येकीला एक संधी द्या, रात्री, दिवा मंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तरी नाही जमलं तर दुकानात देऊन टाका. जुन्या रेकॉर्ड्सची बहुतेक दुकानं रेकॉर्ड्स परत घेतात, रोख कमी देतात, बदल्यात दुसरी घेतलीत तर जास्त धरतात. ‘असेन्शन’ पहिली द्या. १९६५ मध्ये अकरा जणांनी मिळून जवळजवळ ४० मिनिटं केलेला तो प्रकार आहे. मशीन अजिबात बिघडलेलं नव्हतं. पण तिथून जॅझची सुरुवात करणं म्हणजे मराठी शिकणाऱ्याच्या हातात पहिल्याच दिवशी ‘अमृतानुभव’ देणं. दहा वर्षांनी वाटलं तर पुन्हा घ्या. मी स्वतः तिच्या दुसऱ्या बाजूपर्यंत आजवर तीनदा पोचलेय.

मित्राच्या फर्स्ट प्रेसिंगबद्दल. तो पूर्ण खोटं बोलत नाहीये. पन्नास-साठच्या दशकांतल्या पहिल्या प्रती ताज्या टेपवरून निघाल्या, त्यातल्या काही अप्रतिम वाजतात. पण मूळ तेच निर्दोष, हे गृहीत कुठून आलं? तुमच्याच ‘काइंड ऑफ ब्लू’चं घ्या. २ मार्च १९५९ ला पहिल्या तीन रचना झाल्या तेव्हा मुख्य टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे ती टेप ठरलेल्या वेगाने लावली की सगळंच जरा चढ्या सुरात येतं. ओरिजिनल एलपीची पहिली बाजू तशीच छापली गेली. शिवाय सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलटसुलट पडली होती. सुराची चूक दुरुस्त व्हायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे मित्राची महागडी मूळ प्रत चढी वाजणार, आणि तुमची ‘झेरॉक्स’ बहुधा खऱ्या सुरात. हे त्याला सांगायची गरज नाही. सांगितलंत तर मात्र मला कळवा.

जुनी प्रत घेताना माझा एकदा हात पोळलाय. ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’, असा सरळ अर्थ लावून एका विक्रेत्याकडून ऑनलाइन एक जुनी ब्लू नोट १४० डॉलरला मागवली. लावली तर कांदाभजी तळत असल्यासारखा आवाज, आणि त्या तेलातून कुठूनतरी सॅक्सोफोन. तक्रार केली तर उत्तर आलं, की बाई, व्हीजीच लिहिलं होतं. त्याचं बरोबर होतं. रेकॉर्डच्या बाजारात सगळ्यात वर ‘मिंट’, मग ‘निअर मिंट’, मग ‘व्हीजी प्लस’, आणि ‘व्हीजी’ त्याच्याही खाली. आपल्या भाषेत ‘चालेल हो’. ‘गुड’ लिहिलं असेल तर ती भिंतीवर टांगायची. नवख्याने व्हीजी प्लसच्या खाली उतरू नये. बासचा संथ सोलो चालू असताना प्रत्येक कट्ट मोजला जातो. रॉकमध्ये ते खपून जातं.

मग घ्यायचं काय? ब्लू नोटची सध्याची ‘क्लासिक व्हायनल’ मालिका डोळे मिटून घ्या. त्यातल्या बहुतेक मूळ टेपवरून केव्हिन ग्रे या जाणत्या माणसाने कापलेल्या (म्हणजे टेपवरचा आवाज खोबणीत कोरलेल्या) आहेत आणि साधारण पंचवीस-तीस डॉलरला मिळतात. त्यांचीच ‘टोन पोएट’ मालिका कव्हरच्या पुठ्ठ्यासकट अधिक देखणी आणि अधिक महाग; ती एखाद्या जिवलग रेकॉर्डपुरती. एव्हान्स आणि कॅननबॉल ज्या रिव्हरसाइड कंपनीकडे होते, तिच्या रेकॉर्ड्ससाठी ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ हे नाव लक्षात ठेवा. ऐंशीच्या दशकात ती मालिका निघाली, त्या काळातल्या वापरलेल्या प्रती अजूनही कप्प्यांत सापडतात, आणि माझ्याकडची निम्मी जॅझ त्यातलीच आहे. ‘नो व्हॉट आय मीन?’ मला तशीच मिळाली होती.

एक सावधगिरी. युरोपात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, त्यामुळे तिथून कुणीही उठून जुनी जॅझ छापू शकतो. अशा बऱ्याच रेकॉर्ड्स सीडीवरून उतरवलेल्या असतात. कव्हरवर ‘१८० ग्रॅम’ मोठ्या अक्षरांत असतं, कोणत्या टेपवरून कापली याचा मात्र पत्ता नसतो. १८० ग्रॅम हे रेकॉर्डचं वजन. गुलाबजाम मोठा असला म्हणून गोड असतोच असं नाही.

दुकानात परत जा. त्याच नाही, तर दुसऱ्या. प्रिन्स्टनचं रेकॉर्ड एक्स्चेंज तुम्हाला जवळ आहे, तिथं शनिवारची दुपार सहज जाते. ‘कोणतं प्रेसिंग?’ असं कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘मी नवीन आहे, बिल एव्हान्स आवडतो, वाजवायला चांगली आणि तीस डॉलरच्या आतली दाखवा.’ एवढ्या एका वाक्यावर काउंटरमागच्या खडूस माणसाचा चेहरा उजळलेला मी पाहिलाय. रेकॉर्ड बाहेर काढायची परवानगी विचारा. कडा दोन तळव्यांत धरा, बोटं खोबणीला लावू नका, आणि ती दिव्याखाली तिरकी करा. केसासारखे फिकट ओरखडे असले तरी चालतात. नख हलकेच फिरवून जो ओरखडा नखाला लागतो, तो सुईलाही लागतो. मग लेबलच्या भोवतीचा गुळगुळीत काळा पट्टा बघा, जिथं गाणं संपून सुई नुसती फिरत राहते. तिथं बारीक अक्षरं कोरलेली असतात. एखाद्या जुन्या ब्लू नोटवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ दिसलं तर समजा, की त्या हॅकेन्सॅकच्या चष्मेवाल्यानेच ही कापली. विकत घ्यायची गरज नाही. मला अजूनही ती अक्षरं दिसली की उगाच बरं वाटतं.

प्लेअरचा विषय नाजूक आहे, भेट बायकोची आहे. पण खरं सांगते, या सूटकेसवाल्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो. साध्यातल्या साध्या नीट टर्नटेबलवर तो दीड ते तीन ग्रॅम असतो. शिवाय स्पीकर त्याच डब्यात, त्यामुळे बास वाजला की डबा हलतो, डबा हलला की सुई थरथरते. एका वेळेने रेकॉर्ड मरत नाही, पण पन्नास वेळा तीच लावायची म्हटलं, तर ही जोडी बरी नाही. बायकोला हेच सांगा, याच शब्दांत. ‘तू दिलेल्या प्लेअरमुळे हे वेड लागलं, आता जरा मोठा आणू का?’ यात लपवण्यासारखं काय आहे? जुना प्लेअर डॉलर-डॉलरच्या कप्प्यातल्या रेकॉर्ड्स तपासायला आणि मुलं असतील तर त्यांना हाताळायला द्यायला उत्तम.

पुढचे तीन महिने रेकॉर्ड्सचे १०० डॉलर इकडे वळवा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी ६० एक्ससारखा सोपा ऑटोमॅटिक प्लेअर दीड-दोनशे डॉलरच्या घरात येतो. बटण दाबलं की आर्म आपोआप उतरते आणि बाजू संपली की उठते. पुढे सुई-कार्ट्रिज बदलत खेळायची हौस असेल तर भार कमी-जास्त करता येणारं, थोडं महाग टर्नटेबल घ्या. उरलेल्यात स्वतःचा अँप (ॲम्प्लिफायर) असलेले दोन छोटे स्पीकर. ‘फोनो प्रीअँप’ आत आहे का तेवढं विचारा. रेकॉर्ड कापताना बास दाबून आणि वरचे सूर चढवून कापतात, नाहीतर खोबण फार रुंद होते. प्रीअँप तो हिशेब उलटा करतो. तो नसला तर आवाज बारीक आणि कर्कश येतो, आणि माणूस बिचारा रेकॉर्डला शिव्या देतो. एक कार्बन फायबरचा ब्रश घ्या, लावण्याआधी दर वेळी दोन फेरे. सुई तीनशे ते पाचशे तासांनी बदला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना दोन शब्द, कारण असं पत्र तिकडूनही येतं. परदेशातून मागवलेल्या रेकॉर्डवर टपाल आणि कस्टम धरून किंमत कुठल्या कुठं जाते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगा, पण ती हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये सपाट, चेक-इनमध्ये नको. जुन्या बाजारात जॅझ क्वचितच हाती लागेल, सापडली तर ती तिरकी करून बघायला खिशात टॉर्च असू द्या. आणि पावसाळ्यात बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. उघड्या शेल्फवर, उभ्या, भिंतीपासून वितभर लांब.

वितभर लांबवरून आठवलं. तुम्ही त्या आठ रेकॉर्ड्स बेसमेंटमध्ये खोक्यात ठेवल्यात म्हणता. आडव्या, एकीवर एक? जर्सीतलं बेसमेंट जून लागला की घाम गाळतं, आणि एका वादळी पावसात आमच्याकडे घोटाभर पाणी भरलं होतं. वरची माळ्याची खोलीही नको, जुलैत तिथं रेकॉर्डचा पापड होतो; गाडीच्या डिकीतही तेच. दुकानात परत द्यायच्या असल्या तरी तोवर धड राहायला हव्यात. बाकी सगळं सावकाश करा. तो खोका मात्र आज वर आणा.